आजोबांची रायफल कोणाची?

पुलगावात दारूगोळ्याचं एवढं मोठं कोठार, त्यामुळे बंदुकीचं आपल्याला काय अप्रूप! आज बोलायचंय ते कपाटातल्या बंदुकीबद्दल.

आमच्याकडे आजोबांची जुनी रायफल होती. दर गोळीला हातानं बोल्ट मागं ओढावा लागे. दस्ता मूळचा नव्हता. आजोबांनी आपल्या खांद्याच्या मापानं सागाचा करून घेतलेला, गाल टेकायच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, मग ती दसऱ्याच्या पूजेपुरती उरली.

घरचा माणूस गेला की आपण सातबारा बघतो, पासबुक बघतो. बंदुकीकडे लक्ष जात नाही. पण परवाना त्या माणसाच्या नावाचा असतो. तो गेल्यावर नुसती आठवण म्हणून ठेवली, तरी शस्त्र कायद्यानं गुन्हाच. म्हणून विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपा.

जमा केली म्हणजे गेली, असं नाही. वारसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करता येतो. आणि वारस म्हणजे मुलगाच, असं नियमात कुठंही नाही! मुलगीही अर्ज करू शकते. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीला आला, किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाचं नाव देता येतं. भावाबहिणींची भांडणं तिथंच टळतात.

ठाण्यात नेण्याआधी फोन करून विचारा. आत गोळी आहे का, हे बघायला बोल्ट स्वतः ओढू नका, जाणकाराला बोलवा.