चाकांवरचं घर, पण रस्ता कुणाच्या मर्जीचा?

(हिंगोली जिल्ह्यातील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या बैठकीच्या विषयांत 'प्रवास' हा शब्द वाचून तुमच्यापैकी काहीजणी नक्की हसल्या असतील. दारू, मारहाण, सातबारा, रेशन हे सगळं सोडून आता सहलीवर भाषण? पण बाईच्या हक्कांची यादी करताना एक हक्क आपण कायम शेवटी टाकतो आणि शेवटी टाकला म्हणून तो राहूनच जातो. काही काम नसताना घराबाहेर पडण्याचा हक्क. त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आपण बायका बाहेर पडतोच की. माहेरी जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो, दवाखान्यात जातो, देवाला जातो. यातल्या प्रत्येक जाण्याला एक कारण आहे आणि ते कारण घराला पटलेलं आहे. 'कशाला चाललीस?' या प्रश्नाला 'सहज, बघायला' असं उत्तर देऊन उंबरा ओलांडलेली बाई आपल्यात किती निघेल? हात वर करा म्हणत नाही. मनात मोजा.

परदेशात घरासारखी मोटार असते. आत झोपायला पलंग, छोटी चूल, संडास, न्हाणी. लोक ती घेऊन महिना महिना फिरतात, चार ओळखीची कुटुंबं गाड्या घेऊन एकत्र निघतात, जवळचा रस्ता सोडून नदीकाठचा, डोंगरातला लांबचा रस्ता धरतात. त्याला मोटरहोम म्हणतात, कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. अशा गाड्या आणि त्या उभ्या करायचे तळ, तिथे पाणी, वीज, संडास, अशी ती कल्पना आहे. आपल्या जिल्ह्यालाही हे दृश्य अगदीच परकं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये भारत जोडो यात्रा कळमनुरी-हिंगोलीवरून पुढे वाशीमकडे गेली, तेव्हा यात्रेकरूंच्या झोपण्याचे कंटेनर ट्रकवर बसवलेले होते. राजकारण बाजूला ठेवू. मुक्कामाचं घर चाकांवर बसून आलं होतं, एवढं आपल्या कामाचं.

पण चाकांवरचं घर आपल्याला शिकवायला परदेशाची गरज आहे का? आपल्या तांड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. रेल्वे येण्याआधी बंजारा समाजाची लदेणी चालायची. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ आणि बरोबर सगळा संसार. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कितीतरी भटक्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं. आज कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्याला आपण पर्यटक म्हणतो आणि त्याला तळ बांधून देतो. गावकुसाबाहेर गाडी सोडून पाल ठोकणाऱ्या घिसाडी कुटुंबाला मात्र आजही पोलीसपाटील विचारतो, 'कुठून आलात, कधी जाणार?' घर दोघांचंही चाकांवरच आहे. फरक पैशाचा आणि जातीचा आहे.

आणि दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे आपल्याच तालुक्यांतून निघणाऱ्या गाड्या? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, शेळी, अंथरुणं आणि त्यावर बसलेली बाई, कडेवर लेकरू. ऊसतोडीला निघालेलं ते चाकांवरचं घरच आहे. ती पाच-सहा महिने कोपीत राहते, पहाटे उठून स्वयंपाक करते, मग फडात मोळ्या बांधते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. कुठल्या कारखान्यावर जायचं, कोणत्या रस्त्याने, मुक्काम कुठे, परत कधी, यातलं काहीही तिला विचारून ठरत नाही. आपल्या जिल्ह्यात सगळ्यात लांबचा प्रवास करणारी बाई हीच असेल, आणि तिने एकही रस्ता स्वतः निवडलेला नाही.

म्हणून गाडी किती भारी, यावरून प्रवास मोजू नका. बाईच्या बाजूने तो मोजायचा तर तीन प्रश्न विचारावे लागतात. चूल कुणाकडे? चाक कुणाच्या हातात? आणि थांबा कुणी ठरवला?

पहिला प्रश्न चुलीचा. या चाकांवरच्या घरात स्वयंपाकघर असतंच. आता कल्पना करा, नवरा गाडी चालवतो आहे, मुलं खिडकीतून डोंगर बघत आहेत आणि बाई मागे गॅसवर पोहे टाकते आहे. ती कुठे गेली? ती घरीच आहे, फक्त घर हललं. आपल्या दिंड्यांमध्येही पुष्कळदा हेच घडतं. पालखीबरोबर चालायचं बायकांनीही, पण मुक्कामाला पोचल्यावर पाय चेपायचे सोडून पिठात हात घालायचे ते बायकांनीच.

संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण नर्सीचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले, ही तर केवढी मोठी गोष्ट. पण गोणाई आणि राजाई, त्यांची आई आणि बायको, यांच्या नावावरही अभंग आहेत, आणि त्यात घराकडे लक्ष नसल्याची तक्रार आहे. त्या तक्रारीकडे आपण 'संसारी बायकांची कुरकुर' म्हणून बघत आलो. मला त्यात एक साधा हिशेब दिसतो. एकजण मोकळा हिंडतो, तेव्हा मागे कुणीतरी चूल धरून बसलेलं असतं.

दुसरा प्रश्न चाकाचा. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, हे आपल्या मुलींना शाळेत सांगत नाहीत. जर्मनीत ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार काढून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. सुमारे 100 किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीला लावायच्या पिनेने ती मोकळी केली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. कारणही बघा, माहेरचंच होतं! पण त्या प्रवासामुळे लोकांना पटलं की ही गाडी खरोखर चालते.

अमेरिकेत 1991 मध्ये 'आरव्हीइंग विमेन' नावाची बायकांची संघटना सुरू झाली. असं चाकांवरचं घर स्वतः घेऊन फिरणाऱ्या बायकांची. विधवा, घटस्फोटित, एकट्या राहणाऱ्या, नवऱ्याला घरी ठेवून आलेल्याही. एकमेकींच्या सोबतीने फिरायचं आणि जे येत नाही ते एकमेकींकडून शिकायचं. आणि आपल्याकडे? 2023 मध्ये आपल्या एसटीच्या चाकामागे बाई बसली. सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असला, की 7,500 किलोपर्यंतचं वाहतुकीचं वाहनही त्यावर चालवता येतं, त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे आपल्या गटातल्या एखादीने परवाना काढला, हात बसवला, तर गटाची गाडी तीच चालवू शकते. शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली आता आपल्याकडेही दिसतात. त्यांना डांबरी रस्त्यावर यायला कुणाची परवानगी लागते, ती तेवढी शोधून काढू या.

तिसरा प्रश्न थांब्याचा. बाई प्रवासाला निघते तेव्हा आधी पाणी पिणं बंद करते. हे मी तुम्हाला सांगायला नको. पुरुष कुठेही गाडी थांबवतो, झाडाआड जातो. बाई पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं गाव, असं करत पोट धरून बसते. पाळीचे दिवस असले तर प्रवासच रद्द. उसाच्या फडावर तर हा रोजचाच छळ आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याची ओरड झाली, तेव्हा 2019 मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. कारणं अनेक आहेत. दवाखान्यांचा नफा आहे, दाखवलेली भीती आहे. पण संडास नाही, न्हाणी नाही, पाळीत विसावा नाही आणि खाडा केला तर पैसे कापले जातात, हीही कारणंच आहेत.

आता कुणी म्हणेल, ऊसतोड बाईला आडोसा नाही आणि तुम्ही सहलीच्या गोष्टी करता, लाज नाही वाटत? हा प्रश्न मी टाळणार नाही. पण मागणी दोघींची एकच आहे. रस्त्यावर दर काही अंतराला बाईसाठी स्वच्छ, उजेड असलेला, पाणी असलेला, रात्री कुलूप न लावलेला संडास हवा. पर्यटकाच्या गाडीसाठी तळ बांधता येतो, तर फडावर जाणाऱ्या ट्रॉलीसाठी का नाही? आपण स्वतः रस्त्यावर उतरून फिरलो, तर कुठल्या फाट्यावर काय नाही, याची यादी आपल्याकडे तयार होईल. ती यादी घेऊन जिल्हा परिषदेत जाता येईल. घरात बसून ती तयार होत नाही.

आपल्या चळवळीला हे नवं नाही. 1985 मध्ये महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती यात्रा निघाली होती. नाटकं, गाणी, पोस्टरं घेऊन बायका गावोगाव गेल्या, एकत्र राहिल्या. अशा यात्रांतून परतलेल्या बायका सभेतल्या ठरावांपेक्षा रात्रीच्या गप्पांबद्दलच जास्त बोलतात. चार भिंतींत जे बोलता येत नाही, ते चालत्या गाडीत बोलता येतं.

तर आता कामाचं बोलू. कॅरॅव्हॅन आपल्याला परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. बारा-चौदा जणी मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घ्यायची. भिशीत दरमहा थोडे पैसे टाकले, तर वर्षातून एकदा जमतं. तेही जड वाटलं तर एसटी आहे. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. हे अर्धं तिकीट फक्त बाजार आणि दवाखान्यासाठी आहे, असं कुठे लिहिलेलं नाही.

रस्ते मी सुचवते, निवडायचे तुम्ही. एक, हिंगोलीहून नर्सी, तिथे कयाधूच्या काठी थोडं बसायचं, मग सेनगाव, रिसोड करत लोणार. उल्का पडून तयार झालेलं ते सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेलं, जगभरातून माणसं बघायला येतात, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते पाहिलेलं नाही. दोन, औंढा नागनाथ, पण नारळ फोडून मागे फिरायचं नाही. देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम सावकाश बघायचं आणि पुढे पूर्णा नदीवर सिद्धेश्वर, येलदरी ही धरणं. तीन, कळमनुरीवरून पैनगंगेवरचं ईसापूर धरण, पक्षी बघायचे, मग पुसदकडून माहूरला. फाल्गुनात निघालात तर माळावर पळस पेटलेला असतो आणि वसमतकडे वळलात तर शिजणाऱ्या हळदीचा वास गाडीत येतो. ती हळद लावताना, खुरपताना, काढताना, उकडताना आपण वाकलेल्याच असतो. एकदा नुसतं खिडकीतून बघू.

नियम थोडेच ठेवायचे. स्वयंपाकाचं सामान गाडीत चढवायचं नाही. दशम्या-चटणी घ्या, नाहीतर वाटेत बायका चालवतात त्या खानावळीत जेवा. रस्ता सगळ्यांनी मिळून ठरवायचा आणि जवळचा की चांगला असा वाद झाला तर चांगला धरायचा. 'थांबा' म्हणायला कुणी लाजायचं नाही. विधवा, टाकलेली, तांड्यातली, वस्तीतली, सगळ्या एकाच गाडीत आणि एकाच पंगतीत. जिला पैसे भरणं जमत नाही तिचा वाटा गटाने उचलायचा, न बोलता. आणि प्रत्येक थांब्यावर काय आहे, काय नाही, ते वहीत लिहायचं.

ज्या गटांना यातून कमाईचा विचार करायचा आहे त्यांनी शासनाचं 2023 चं 'आई' धोरण बघावं. पर्यटनाचा धंदा काढणाऱ्या बाईला 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. अटी पर्यटन संचालनालयाकडून लेखी मागून घ्या. तोंडी माहितीवर कर्ज काढू नका, आणि नाव बाईचं, धंदा नवऱ्याचा, असलं काही करू नका.

घरी विचारतीलच, 'काय काम आहे तिकडे?' त्यावर देवाचं, आजारपणाचं निमित्त सांगू नका. ते सोपं आहे, पण पुढच्या वेळी पुन्हा नवं निमित्त शोधावं लागेल आणि आपल्या मुलींनाही तेच शोधत बसावं लागेल. सांगा की काम काही नाही, बघायला चालले आहे. एक-दोन दिवस घरात भांडण होईल. आपल्याला भांडणांची सवय आहे, आणि हे भांडण करण्याजोगं आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक रस्ता ठरवून यावा. तारीख, माणशी खर्च आणि कुणाकुणाला बरोबर न्यायचं त्यांची नावं, एवढं कागदावर लिहून आणा. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी परत आल्यानंतरची तारीख धरा. त्यांच्याशिवाय पहिली गाडी सोडायची नाही. आणि रस्ता कुठला, ते आधी त्यांना विचारा.