चित्रपट्टीची कड



जुन्या वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्या जमवणे हा पोरखेळ समजला जातो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वर्तमानपत्रांवर फार झाले, म्हणून म्हणा, आम्हाला तसे वाटत नाही. चित्रपट्टी हाही कुणाचा तरी घाम आहे, आणि तो कुणाच्या नावावर जमा झाला हे तिच्या कडेला लिहिलेले असते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बड फिशरचेच पाहा. 1907 साली त्याने 'क्रॉनिकल'मध्ये मट नावाच्या उंच इसमाची रोजची पट्टी सुरू केली. ठेंगणा जेफ त्याला पुढच्या वर्षी भेटला. त्या काळी चित्र मालकाचे, चित्रकार निव्वळ पगारी. पण हर्स्टच्या 'एक्झामिनर'कडे जाताना फिशरने पट्टीच्या कडेला स्वतःच्या नावाने हक्क लिहून टाकला. पुढे कज्जे झाले, तरी पट्टी त्याचीच राहिली. शाबास! मात्र पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. फिशर श्रीमंत झाला. 1932 पासून पट्टी काढी अल स्मिथ, आणि खाली सही फिशरची! 1954 साली फिशर वारला, तेव्हा कुठे स्मिथचे नाव छापून आले. मुकादम झालेला कामगार आपणही पाहिलेला आहे.

या पट्ट्यांची पुस्तके निघतात, तीही जपावीत. पण त्यांच्यावर विसंबू नये. 1932 पासून अमेरिकेत निघालेल्या 'बिग लिटल बुक्स' या बुटक्या, जाडजूड पुस्तकांत एका पानावर चित्र आणि समोर मजकूर असे. पात्रांच्या तोंडचे फुगे गाळलेले. आपल्या मुंबईत 1964 साली निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने ली फॉकचा वेताळ घरोघर नेला, हे उपकारच. पण रोजची पट्टी पुस्तकाच्या पानात बसवायची म्हणजे कातर आली, आणि कातरीत आधी जाते ती कड.

अमेरिकी ग्रंथालये अंकांचे काळेपांढरे मायक्रोफिल्म करून मूळ बाडे काढून टाकू लागली, तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड या गृहस्थाने 1968 साली संस्था काढली आणि ती बाडे आपल्या घरात भरली. पुढे ओहायोच्या विद्यापीठाने तो संग्रह घेतला, तेव्हा तो सुमारे 75 टन भरला. रविवारच्या पानांचे रंग त्यामुळे वाचले.

आपल्याला टनांची गरज नाही. कात्रण कापताना कड ठेवा, पत्राचे नाव आणि तारीख पेन्सिलीने मागे लिहा, आणि खळीने चिकटवू नका. खळीला कसर लागते.