जमीन आपली, बांधकाम दुसऱ्याचे
(माहूर येथील बैठकीतील भाषण)



सातबाऱ्यावर आपले नाव आहे, म्हणजे त्या रानात जे उभे राहील ते आपलेच, असे आपण धरून चालतो. कायदा तसे धरत नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचे बांधकाम दुसऱ्याचे, असे असू शकते. मुंबईतल्या एका जागेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली हे मान्य केले. मुंबईच्या इमारतींशी आम्हा कोरडवाहूवाल्यांचे काय घेणे, असे म्हणू नका. बरड रानाच्या बांधावर आता सौर कंपनीचा दलाल येऊन उभा राहतो.

दुसऱ्याच्या जमिनीवर घराचा हक्क पूर्वी गरिबाने मागितला. गोव्यात भाटकाराच्या जमिनीत मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहत. भाटकार उठ म्हणाला की उठायचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण दिले, घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. तिथे जमीन बलवानाची आणि घर दुबळ्याचे होते. आपल्याकडे आता उलटे चालले आहे. जमीन दुबळ्याची आणि बांधकाम बलवानाचे.

जमीन भाड्याने देऊच नका, असे आम्ही सांगणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा रेडीरेकनरच्या ६ टक्के, यातले जे जास्त असेल ते भाडे ठरले. म्हणजे एकरी पन्नास हजार. बरडावरच्या कापसात खर्च वजा जाता एवढे कधी उरले, ते कोणी हात वर करून सांगावे! पण वाढ वर्षाला ३ टक्के, तीही मूळ रकमेवर. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २,१५,००० होतात. तेव्हा खताचे पोते केवढ्याला असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि योजनेबाहेरच्या कंपनीला हा दर बांधील नाही. तिथे ठरेल तो भाव.

आमच्या मते भाड्यापेक्षा मोठा प्रश्न शेवटच्या दिवसाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०८ म्हणते : भाडेपट्टेदाराने जमिनीत रोवलेले सगळे त्याला ताबा असेपर्यंत काढून नेता येते, मात्र जमीन घेतली तशी परत केली पाहिजे. 'घेतली तशी' म्हणजे कशी? लोखंड भंगारात विकले जाते, ते कंपनी नेईलच. काँक्रीटचे बुंधे कोण उपटणार? वीतभर मातीखाली एक जरी राहिला तरी वखराची पास मोडेल. शेतीशास्त्र शिकलो म्हणून सांगतो, यंत्रे फिरवून दाबलेली आणि वरची माती खरवडलेली जमीन एका पावसाळ्यात सुधारत नाही. म्हणून पहिला खड्डा खोदण्याआधी रानाचे फोटो, बांध, नाल्या, मातीची तपासणी, सगळे कराराला जोडा. बुंधे काढण्याच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत अडकवून घ्या. करारात मनाई लिहिली नसेल तर कंपनी आपला पट्टा दुसऱ्याला देऊ शकते, गहाणही ठेवू शकते. सही एकाची आणि दहा वर्षांनी दारात दुसराच! असा पट्टा नोंदणीकृतच लागतो. शंभराच्या स्टॅम्पवर भागत नाही.

उच्चदाबाच्या तारांचा मनोरा ही वेगळीच गत. तिथे भाडेपट्टा नाही. वीज कायदा २००३ चे कलम १६४ आणि त्यामागचा १८८५ चा तार कायदा यांच्या जोरावर कंपनी रानात मनोरा रोवते. जमीन संपादित होत नाही, सातबारा आपलाच राहतो. कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. नुकसानभरपाई मात्र पूर्ण द्यावी लागते, आणि रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. केंद्राच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असे म्हटले आहे. आपल्या लाईनला कोणता आदेश लागू आहे, ते लेखी मागा. चहा पाजून पंचनाम्यावर सही घेणारे पुष्कळ भेटतील.

आणखी एक, घरातलेच. भाऊबंद किंवा शेजारी म्हणतो, "दादा, तुमच्या कोपऱ्यात एक खोली काढू का?" आपण म्हणतो, काढ की. सुविधाधिकार कायदा, कलम ६० : परवानगीच्या भरवशावर त्याने स्वतःच्या खर्चाने पक्के काम केले, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. देऊ नका असे नाही. द्या, पण किती वर्षांसाठी आणि नंतर काय, हे दोन ओळी लिहून द्या.

किनवट-माहूरच्या आदिवासी खातेदारांनी तर आणखी जपावे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे त्यांची जमीन बिगर-आदिवासीला पट्ट्याने देताना जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दलाल म्हणेल, "मंजुरीचे आम्ही बघतो, तुम्ही आधी सही करा." मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत सही नाही.

ज्यांच्याकडे करारांचे मसुदे आले आहेत त्यांनी त्यांच्या प्रती आज जमा कराव्यात. संध्याकाळी आम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहोत.