शिंगाळ्याचा काटा आणि पांढऱ्या पेशी



मढच्या कोळीवाड्यात मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा बोटात गेला, की बोट लाल होतं, सुजतं, रात्रभर ठसठसतं. काट्याच्या विषाचा त्यात वाटा असतोच. पण जखमेकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशीही धावलेल्या असतात. 1882 साली इटलीतल्या मेसिनाच्या किनाऱ्यावर मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! पुढे 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.  

आपल्या रक्तातल्या या पांढऱ्या पेशींची मोजदाद म्हणजे सीबीसी या रक्ततपासणीतला 'टोटल काउंट'. उपाशीपोटी जायची गरज नाही. मोठ्या माणसात साधारण 4,000 ते 11,000. काही लॅब नुसतं 7.2 छापतात, घाबरू नका, ते 7,200 असतं. आकडा चढला की आपण लगेच 'इन्फेक्शन' म्हणून मोकळे होतो. पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनी, गरोदरपणात, अंगमेहनतीनंतरही तो चढतो.

म्हणून त्याखालची, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी वाचा. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यू असेल तर एकूण आकडा बहुधा उतरतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये न्यूट्रोफिल बहुधा वाढतात. इओसिनोफिल वाढले तर ॲलर्जी किंवा जंत. अर्थात नुसत्या आकड्यावरून आजाराचं नाव ठरत नाही, ते डॉक्टरांवर सोडा.

एक गुणाकार मात्र स्वतः करावा. एकूण 3,000, त्यात न्यूट्रोफिल 40 टक्के, म्हणजे 1,200. जंतूंशी पहिली झुंज देणारे हेच. 1,500 च्या खाली ते कमी समजतात. केमोथेरपी चालू असलेल्यांत तो आकडा 500 च्याही खाली जाऊ शकतो. मग पू धरायलाही पेशी उरत नाहीत. सूज नाही, लाली नाही, नुसता ताप. घरचे म्हणतात, "अंग जरा कोमट लागतंय, सकाळी बघू."

त्या सकाळची वाट बघू नका. मढहून मालाडपर्यंतचा रस्ता रात्री लांबच वाटतो, हे खरं. तरी त्याच रात्री रिक्षा बोलवून रुग्णालय गाठा, आणि केमोची फाइल बरोबर घ्या.