मोगरा आणि कच्चे खत

सोलापूरच्या आमच्या घरामागे अम्मीने लावलेला मोगरा आहे. ती गेल्यावर त्याची देखभाल माझ्याकडे आली. कवितेत मी माती पुष्कळ वापरली होती, पण खऱ्या मातीत हात घातला तो तेव्हा.

रंगाच्या रिकाम्या बादलीला भोके पाडून भाजीची देठे, चहाचा चोथा, केळीच्या साली टाकू लागलो. आठवड्यात दुर्गंधी सुटली, अळ्या वळवळू लागल्या. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारले, ‘‘भाईजान, उंदीर मेलाय का हो?’’

चूक साधी होती. ओले फार, हवा नाही. एक ओंजळ ओल्या कचऱ्याला दोन-तीन ओंजळी सुकी पाने हवीत. मूठभर घेऊन दाबावे. एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पालापाचोळा वाढवा, मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडा. आमच्या मे महिन्यात मुंग्याच जास्त! आठवड्यातून दोनदा ढवळावे. अळ्यांना भिऊ नये, त्या कचराच खातात. मटणाची हाडे आणि तेलकट रस्सा मात्र नको. त्याने खरेच उंदीर येतात.

ही विद्या आपल्या जवळचीच. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची पद्धत बसवली, १९३१ साली पुस्तकही लिहिले. हॉवर्डसाहेबांचे नाव सगळे घेतात, वाडांचे क्वचित. तेही ढीग वरखाली करायला आणि तीनेक महिने थांबायला सांगतात.

मी थांबलो नाही. सव्वा महिन्यात बादलीतले काळे दिसले, म्हणून मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतले. पंधरवड्यात पाने पिवळी पडली, कळ्या गळाल्या. कच्चे खत मातीत कुजतच राहते आणि ते कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचे नत्र स्वतःच घेतात, हे मागाहून कळले. खत उकरून काढले, साधी माती घातली. त्या उन्हाळ्यात अम्मीच्या मोगऱ्याला एक फूल आले नाही. घरात कोणी बोलले नाही, तेच जास्त लागले.

आता खताला पावसानंतरच्या मातीचा वास येईपर्यंत बादली उघडी करत नाही. मग वाटीभर खतात थोडी माती मिसळून मेथीचे दाणे पेरतो. मेथी हिरवी, तरारून वर आली, तरच मोगऱ्याला दोन मुठी घालतो. तेही बुंध्यापासून वीतभर लांब.