सूक्ष्म कणांचा माग आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बी.ए., बी.एड. झालेला, भाषा आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला, त्याला एक कारण घडले. माझा एक विद्यार्थी नववीत शाळा सोडून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसला. परवा त्याला काम करताना पाहिले. डोळ्याला भिंग लावून तो केसासारखी बारीक तार जोडीत होता. हात जराही हलत नव्हता. मी त्याच्या वडिलांजवळ हळहळ व्यक्त केली, तेव्हा ते म्हणाले, "सर, शिकून तरी याने वेगळे काय केले असते?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते आज आपणा सर्वांसमोर देतो.

आपण चारठाण्याची माणसे काळ्या मातीतली. पाऊस उघडल्यावर सकाळी रानात गेले, की रात्री कोण येऊन गेले हे चिखलच सांगतो. जनावर दिसत नाही. पण पावलांवरून ते कोठून आले आणि कोठे वळले, हे जाणता माणूस ओळखतो. दोन जनावरांचे माग मागे मागे नेले आणि ते एका ठिकाणी मिळाले, तर दोघे तेथूनच निघाले हेही कळते. जगातील थोर शास्त्रज्ञ अणूहूनही कितीतरी लहान कणांचा असाच माग काढीत आहेत. फरक इतकाच, की त्यांची काळी माती सिलिकॉनची आहे. वाळूत जे द्रव्य विपुल असते, तेच अतिशय शुद्ध करून हे सिलिकॉन मिळते.

याची रचना समजण्यास अवघड नाही. सिलिकॉनचा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतात. त्याच्या एका बाजूवर शेकडो बारीक उभे पट्टे आणि दुसऱ्या बाजूवर आडवे पट्टे असतात. विणकराच्या ताण्याबाण्यासारखेच म्हणा ना! पत्र्याला उलट्या दिशेने विजेचा दाब दिलेला असतो, त्यामुळे एरवी त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. एखादा विद्युतभारित कण आरपार गेला, की त्याच्या वाटेवर वीस हजारांहून अधिक इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते एका बाजूच्या पट्ट्यांकडे धावतात आणि त्यांनी सोडलेल्या रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूकडे सरकतात. कोणत्या उभ्या आणि कोणत्या आडव्या पट्ट्यावर खूण उमटली हे पाहिले, की कण नेमका कोठून गेला ते कळते. असे पत्रे एकामागे एक थरांनी रचले, म्हणजे एकेक पाऊल जोडून सगळी वाट काढता येते.

आता आपल्या महाराष्ट्राचा यात काय संबंध, तो ऐका. जपानमधील त्सुकुबा येथे केईके नावाची प्रयोगशाळा आहे. तेथे 'बेल-२' नावाचा प्रयोग चालतो. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवून 'बी मेसॉन' नावाचे कण निर्माण करतात. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील सुमारे दीड भाग एवढेच या कणाचे आयुष्य. तेवढ्यात तो चालतो सरासरी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतका. हे अंतर मोजण्यासाठी त्या यंत्रात दुहेरी पट्ट्यांच्या सिलिकॉन पत्र्यांचे चार थर बसविले आहेत. त्यांपैकी एक थर मुंबईच्या कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने तयार केला. दहा पट्टिका, प्रत्येकीत तीन पत्रे. हे काम त्यांनी जपानमध्ये राहून केले. पत्र्याच्या कडेवरून लवचिक मंडल कागदासारखे घडी घालून पलीकडे न्यायचे आणि केसाहून बारीक तारांनी पट्टे चिपांना जोडायचे, असे हे काम आहे. कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेवरून त्या पद्धतीला 'ओरिगामी' असेच नाव पडले. २०१८ च्या अखेरीस हे थर यंत्रात बसले आणि २०१९ मध्ये त्यांच्यासह नोंदी घेणे सुरू झाले.

आपण विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. दोघे भेटले की नष्ट होतात. मग आकाश, पृथ्वी आणि तुम्ही-आम्ही उरलो कसे? हा प्रश्न कोणत्याही श्रद्धाळू माणसाला परका वाटू नये. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी प्रकाश डोळ्यातून बाहेर पडत नाही, तो वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे प्रयोगांच्या आधारे मांडले. केवळ कोणी मोठा सांगतो म्हणून त्यांनी मानले नाही. तो वारसा आपण नुसता समारंभात मिरवायचा, की वर्गात चालवायचा?

मुंबईच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने जिनिव्हाजवळील 'सर्न' प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी सुमारे एक हजार सिलिकॉन पत्रे बनविले. २०१२ साली हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, तो ज्या दोन प्रयोगांनी लावला त्यांतील हा एक.

पुढचे काम याहून कठीण आहे. सर्नचे यंत्र अधिक तीव्र केले जात आहे. त्यात कणांचे दोन पुंजके एकमेकांतून जाताना एका वेळी दोनशेपर्यंत टकरी होतील. एका चिखलात दोनशे कळपांचे माग मिसळावेत, तसा हा प्रकार. शिवाय कणांच्या सततच्या माऱ्याने सिलिकॉनची स्फटिकरचनाच मोडत जाते. म्हणून मारा सोसणारे पत्रे, पट्ट्यांऐवजी बारीक चौकटी, संवेदक आणि मंडल एकाच तुकड्यावर, आणि जागेबरोबर वेळही अतिसूक्ष्म मोजण्याची सोय, यांवर जगभर संशोधन चालू आहे. अशा चौकटींच्या चिपांपासून रोग्याच्या शरीराची अधिक स्पष्ट चित्रे घेणारी यंत्रेही तयार होत आहेत.

हे सारे दूर मुंबईचे, जपानचे, असे मानू नका. १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात असलेल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथेही निर्वात नळ्या, आरसे आणि मंडले हाताळणारे कुशल हात लागतील. आणि आपल्या गावातली यादवकालीन मंदिरे पाहा. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविणारे कारागीर या मातीत राबून गेले. हाताची सफाई येथे नवीन नाही.

तर त्या वडिलांना माझे उत्तर असे. आपल्या मुलाने शिकून हेच केले असते. फक्त त्याच हाताने जगातील मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मदत केली असती. तो तेथपर्यंत पोहोचलाच असता, अशी हमी मी देत नाही. पण दार उघडे राहिले असते. अशा संस्थांत केवळ पीएच.डी. झालेलेच काम करीत नाहीत. आयटीआय आणि पदविका घेतलेले तंत्रज्ञही लागतात. पीएच.डी. साठी निवड झालेल्यास दरमहा शिष्यवृत्ती मिळते; बापाला शेत विकावे लागत नाही.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांनो, दहावीपूर्वी कोणाचीही शाळा सोडवू नका, आणि मुलीची तर मुळीच नाही. बारीक कामात तिचा हात मुलाहून उणा नसतो. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनो, प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप नको. एखादी काचनळी फुटली तरी चालेल. विद्यार्थ्यांनो, हाताने करता ते का होते, एवढा प्रश्न रोज विचारा.

राहिला तो दुकानातला मुलगा. खाजगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांसाठी परीक्षा मंडळाचा १७ नंबरचा अर्ज असतो. तो भरायचा ठरवून मी उद्या त्याच्या दुकानावर जाणार आहे. दुकान त्याने सोडू नये. संध्याकाळी दोन तास माझ्याकडे यावे. त्याचे वडील आज या सभेत बसले आहेत. त्यांनी नाही म्हणू नये, एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.