खुणेला खूण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी लोणच्यांविषयी बोलते, कोणी मुलांच्या खोकल्याविषयी. मी मोटारीच्या इंजिनाविषयी बोलणार हे कळल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते मी ऐकले. खुशाल हसा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण २०११ साली आमची गाडी दोन महिने आजारी होती, आणि तिचे दुखणे मला डोळ्यांनी पाहायला मिळाले. तेवढेच सांगते.

गाडी म्हणजे जुनी मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ साली निघाली आणि २०१९ साली कारखान्याने ती बनवणे बंद केले. आम्ही ती कर्ज काढून घेतली होती. नवरात्रात मोहट्याच्या देवीला माणसे नेण्या-आणण्यावर वर्षाचे निम्मे हप्ते फिटत.

श्रावणात तिचा टायमिंगचा पट्टा बदलला, आणि त्या दिवसापासून तिच्यात दम राहिला नाही. सपाटीला बरी धावे, चढ आला की धापा टाकी. पेट्रोलही जास्त खाई. ज्यांनी पट्टा बदलला त्यांनी मग प्लग बदलले, कार्बुरेटर धुतला, पेट्रोलात भेसळ आहे म्हणाले. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीची वेळ मागेपुढे केली. त्याने थोडा उतार पडे, म्हणून खरे कारण आणखीच झाकले गेले.

भाद्रपदात एका रात्री सासूबाईंच्या छातीत कळ आली. नगरला नेताना करंजीच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर आली आणि तिथेही कुंथू लागली. भाऊजी आणि मी उतरलो, मागून लोटली. आतून सासूबाई एकच विचारत होत्या, "पोचू ना गं?" पोचलो. देवीच्या कृपेने त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण तो घाट माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढे मी ब्लाउज शिवायला बसले असताना मशीनचे टाके सुटू लागले. दोरा बदलला, सुई बदलली, तेल घातले. काही उपयोग नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, सुई खाली जाऊन जरा वर उठते, तेव्हा दोऱ्याचा फास होतो, आणि त्याच क्षणी शटलच्या टोकाने तो पकडायचा असतो. सुईचा दांडा किंचित सरकला की ही गाठभेट चुकते, मग दोरा रेशमाचा का असेना! मी ह्यांना म्हटले, "गाडीचेही असेच झाले असेल. पट्टाच उघडून पाहा." हे म्हणाले, "आता गाडीही शिवणार का?" पण दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांना घेऊन आले.

चाचांनी मला समजावले ते असे. इंजिनातला पिस्टन चार कामे करतो : पेट्रोल-हवा आत ओढतो, दाबतो, पेटल्यावर जोराने खाली जातो आणि धूर बाहेर घालवतो. एवढ्यात खालचा दांडा, म्हणजे क्रँक, दोन फेरे फिरतो. हवेची आणि धुराची दारे उघडझाप करणारा वरचा दांडा, म्हणजे कॅम, मात्र एकच फेरा. म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दात. दोघांना बांधणारा दातेरी पट्टा एका दाताने जरी चुकला तरी दारांची वेळ हुकते. आमच्या गाडीत कॅम मागे पडला होता. दाबायची वेळ झाली तरी हवेचे दार उघडेच, घेतलेला श्वास थोडा परत बाहेर. मग चढ कशाच्या जोरावर चढणार?

बॅटरीची तार सोडली, प्लग काढले, झाकण उघडले. चाचांनी पान्याने क्रँक हाताने फिरवून खालची खूण जुळवली आणि मला वर पाहायला सांगितले. वरच्या चाकाची खूण तिच्या जागेपासून बरोबर एक दात मागे होती!

मला वाटले, पट्टा चढवतानाच कोणी आंधळेपणा केला. चाचा म्हणाले, तसेच काही नाही. पट्ट्याची एक बाजू सरळ असते, दुसऱ्या बाजूला ताण देणारी पुली. चढवताना खुणा जुळलेल्या असतात, पण सरळ बाजूला ढील राहिली तर इंजिन फिरताच ती ढील ओढली जाते आणि वरचे चाक मागे राहते. म्हणून त्यांनी आधी सरळ बाजू ताठ ठेवून पट्टा चढवला, मग ताण सोडला आणि क्रँक चालत्या दिशेनेच हाताने फिरवला. मध्ये कुठे टणक अडले तर जोर करायचा नाही, काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात.

एक फेरा झाला. खालची खूण जुळली आणि वरची थेट खाली गेली. मी ओरडलेच, "चाचा, पुन्हा चुकलं!" ते हसले. "बेटा, खालचे दोन, वरचा एक. आत्ताच सांगितलं ना?" दुसऱ्या फेऱ्याला दोन्ही खुणा आपापल्या जागी आल्या. मग त्यांनी ताणाची पुली आवळली, आणखी दोन फेरे देऊन पुन्हा पाहिले, मगच झाकण लावले. ठिणगीची वेळही नव्याने लावावी लागली, कारण ती चुकीच्या कॅमच्या मागे धावत होती.

पुष्कळ नव्या गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते, काहींत वर दोन कॅम असतात. खुणा कुठे ते त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावे. आमच्या गाडीचा पट्टा पुढे पुन्हा बदलला तेव्हा मी झाकण लावण्याआधी जाऊन उभी राहिले. कारागिराला आवडले नाही. पण दोन फेरे फिरवून घेतलेच.

त्या वर्षी घटस्थापनेला तीन दिवस उरले असताना गाडी तयार झाली. मोहट्याच्या पहिल्या खेपेला सासूबाईंना पुढे बसवले. चढ लागला, गाडी सरसर वर निघाली. माथा दिसू लागला तेव्हा त्यांनी मागे वळून मला विचारले, "लोटायला कधी उतरायचं गं?"